काचबिंदूवरील शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शस्त्रक्रियांची नोंद बहुधा त्यांच्या यशाने होते. त्यांच्यामागून येणाऱ्या उपद्रवांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा डोळ्याचा जंतुसंसर्ग हा असाच एक उपेक्षित विषय असून त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात असो वा अन्यत्र, हर्बर्ट हे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते खुपऱ्यांच्या रोगात बुबुळाच्या कडेला उरणाऱ्या खळग्यांमुळे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हे अधिकारी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रवैद्यक शिकवीत. १९०३ साली त्यांनी काचबिंदूविषयी मांडलेला विचार मात्र विस्मृतीत गेला. तत्पूर्वी १८५७ मध्ये ग्रेफे यांनी बर्लिनमध्ये कनीनिकेचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. ती तीव्र काचबिंदूत गुणकारी ठरे, जुनाट प्रकारात फारशी नाही. हर्बर्ट यांनी जखम पूर्ण भरू न देता, तीत कनीनिकेचा भाग गुंतवून, डोळ्यातील पाण्यास नेत्रश्लेष्मलेखाली कायमची वाट करून दिली. १९०९ मध्ये मद्रासचे एलियट यांनी श्वेतपटलास बारीक भोक पाडण्याची पद्धत रूढ केली आणि श्रेय बहुतांशी मद्रासकडे गेले. झिरपत्या व्रणाची कल्पना फ्रान्समध्ये व्हेकर यांनी आधीच मांडली होती, हे मान्य करूनही हे वाटप प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

पाणी बाहेर जाण्याची वाट हीच जंतूंना आत येण्याची वाट ठरू शकते. भोकावरचा श्लेष्मलेचा फुगा वर्षानुवर्षे झिरपून पातळ होई आणि अश्रूंतील जंतू त्यातून आत शिरत. म्हणूनच यशस्वी ठरलेला डोळाही अनेक वर्षांनी अकस्मात लाल होऊन कायमचा जाई. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या त्या काळात त्यावर खात्रीचा इलाज नव्हता.

१९६८ मध्ये केर्न्स यांनी भोकावर श्वेतपटलाचेच झाकण ठेवले व धोका घटला. परंतु पुढे व्रण भरू नये म्हणून मायटोमायसिनचा वापर वाढला, फुगे पुन्हा पातळ झाले आणि जुना उपद्रव परतला.

या पार्श्वभूमीवर किमान छेदाच्या नव्या शस्त्रक्रियांकडे पाहावे लागते. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली आयस्टेंट ही सूक्ष्म नळी पाणी डोळ्याच्या नैसर्गिक निचऱ्याच्या मार्गातच सोडते. बाहेर फुगा होत नाही, त्यामुळे उशिराच्या संसर्गाचे ते द्वारच राहत नाही. डोळा उघडल्यामुळे होऊ शकणारा आरंभीचा संसर्ग तेवढा उरतो. २०१६ मध्ये तेथेच मान्य झालेली झेन ही जेलची नळी मात्र पाणी श्लेष्मलेखालीच आणते. छेद लहान असला तरी फुगा तोच, आणि नळीचे टोक श्लेष्मला भेदून उघडे पडण्याची भीती निराळी. अशा रुग्णाचा डोळा काही वर्षांनी जरी लाल झाला, दुखू लागला, तरी त्याने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, ही जुन्या काळची सूचना त्याला आजही द्यावी लागते.