'द पुअर लिटल रिच गर्ल' : बालिकेच्या स्वप्नसृष्टीचा मूकपट

श्रीमंत घरातील एकाकी मुलीची कथा सांगणारा 'द पुअर लिटल रिच गर्ल' हा अमेरिकी मूकपट मार्च १९१७ मध्ये प्रदर्शित झाला. एलिनॉर गेट्स यांच्या १९१३ मधील नाटकावरून फ्रान्सेस मॅरियन यांनी त्याची पटकथा लिहिली, तर दिग्दर्शन मूळचे फ्रेंच असलेल्या मॉरिस टूर्नर यांचे होते. अकरा वर्षांच्या ग्वेंडोलिनची भूमिका करणारी मेरी पिकफर्ड तेव्हा चोवीस वर्षांची होती!

ग्वेंडोलिनचे वडील पैशाच्या व्यवहारात गुंतलेले, तर आई मेजवान्यांत रमलेली. मुलगी नोकरांच्या हाती. त्यामुळे रस्त्यावरच्या पोरांशी चिखलफेक करण्याची संधी मिळते, तेव्हा तिच्या आनंदाला पारावार राहत नाही. चित्रपटातील निखळ विनोद अशा प्रसंगांतच आहे. मात्र, एका संध्याकाळी बाहेर जाण्याच्या घाईत नोकर तिला झोपेच्या औषधाची जादा मात्रा देतात आणि या हसत्या-खेळत्या कथेवर मृत्यूची छाया पडते.

ग्लानीत तिला दिसणारे जग हा चित्रपटाचा गाभा होय. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला प्रत्येक वाक्प्रचार तेथे शब्दशः खरा होतो. दुतोंडी म्हटल्या गेलेल्या दाईला खरोखरच दोन तोंडे असतात. 'पैशाचे बनलेले' वडील पैशांनीच मढलेले दिसतात. शेअर बाजारातील मंदीवाल्यांना इंग्रजीत 'अस्वले' म्हणतात, म्हणून वडिलांच्या मागे अस्वले लागतात. मोठी माणसे सहज बोलून जातात आणि मुलांच्या मनात त्याचे काय होते, हे संवादाविना दाखवण्याची ही कल्पकता आजही थक्क करते. तिकडे स्वप्नात ग्वेंडोलिन जीवन आणि मृत्यू यांच्या सीमेवर असते, तर इकडे तिच्या उशाशी डॉक्टर झुंज देत असतात. अखेर ती वाचते. आईवडिलांचे डोळे उघडतात.

पिकफर्डची उंची जेमतेम पाच फूट. तरीही ती लहान दिसावी म्हणून दारे, खुर्च्या, पलंग नेहमीपेक्षा मोठे बनवण्यात आले आणि भोवती उंच नट उभे करण्यात आले. बेन कॅरे यांचे हे नेपथ्य मुलीचा एकटेपणाही ठसवते. मोठ्या खुर्चीत ती हरवून जाते.

चित्रपट सपशेल कोसळणार, अशी निर्मात्यांची खात्री होती. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. या यशाची किंमत पिकफर्डला मोजावी लागली. प्रेक्षकांना ती मुलगीच हवी होती; १९२५ च्या 'लिटल ॲनी रूनी'मध्येही, तिशी ओलांडल्यावर, तिने बालिकाच साकारली. आपले प्रसिद्ध कुरळे केस तिने कापले ते १९२८ मध्ये. पुढे 'कॉकेट'मधील तरुणीच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या मूकपटाचा १९९१ मध्ये समावेश झाला. शर्ले टेंपलचा याच नावाचा १९३६ मधील बोलपट मात्र कथानकाच्या दृष्टीने अगदी निराळा आहे.