नागिणीचे वारूळ

नागिणीचे तोंड शेपटीस मिळाले की रोगी दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून मेलेली नाही. वस्तुतः तो फोडांचा पट्टा बहुधा अंगाची मध्यरेषा ओलांडीतच नाही. परंतु वारुळात दडलेले जनावर उतारवयात फणा काढते, ही त्या नावातून सुचणारी कल्पना मात्र शास्त्राच्या फार जवळ आहे.

नागिणीच्या रोग्याजवळ वावरलेल्या मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपून ठेविले होते. 1950 नंतरच्या दशकात टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतून एकच विषाणू वेगळा काढला. मग मधली पन्नास वर्षे तो असतो कोठे?

याचा छडा इंग्लंडातील सायरनसेस्टर या लहान गावच्या एडगर होप-सिम्प्सन या डॉक्टरांनी लाविला. 1947 ते 1962 अशी सोळा वर्षे त्यांनी आपल्याकडील सुमारे साडेतीन हजार लोकांची नोंद राखिली. तीत नागिणीचे रोगी 192. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या आम्हां मंडळींना एकाच जागी बसून राखलेल्या या दप्तराचे मोल विशेष वाटते. कांजिण्यांना हंगाम होता, साथ होती. नागिणीला दोन्ही नव्हते. दहा वर्षांखालील मुलांत ती वर्षाला हजारी एकाहूनही कमी, ऐंशीच्या पुढे हजारी दहाच्या घरात. विषाणू बालपणापासून ज्ञानतंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत निजून असतो, आणि प्रतिकारशक्तीचा पहारा वयोमानाने सैल पडला की उठतो, असे त्यांनी 1965 साली मांडले.

दुसरी बाजू स्वीडनमध्ये दिसली. यन्शॉपिंग येथे 1990 च्या सुमारास सुरू झालेल्या अतिवृद्धांच्या पाहणीत ज्यांच्या रक्तातील संरक्षक पेशींचा तोल बिघडलेला होता, ते पुढील काही वर्षांत अधिक प्रमाणात वारले. आणि अशांपैकी बहुतेकांच्या अंगी सायटोमेगॅलो हा जन्मभर मुक्काम करणारा विषाणू होता. एकाच चोरावर नजर ठेवण्यात शिबंदीचा मोठा भाग गुंतून पडावा, तसे हे. पहारा थकल्यामुळे विषाणू उठतो, की विषाणूवर नजर ठेवून पहारा थकतो? विद्वानांत एकमत नाही. आम्हांस नागिणीच्या बाबतीत पहिले, सायटोमेगॅलोच्या बाबतीत दुसरे अधिक संभवनीय वाटते.

पहारा पुन्हा जागविता येतो, हे 2005 साली अमेरिकेत सिद्ध झाले. साठ व त्याहून अधिक वयाच्या 38,000 हून जास्त लोकांवरील चाचणीत लशीने नागीण निम्म्याने घटली. मात्र सत्तरीपुढे तिचा गुण कमी पडे. 2017 साली तेथे मान्य झालेल्या, विषाणूचा केवळ एक अंश वापरणाऱ्या लशीने सत्तरीपुढेही सुमारे नव्वद टक्के संरक्षण दिले. होप-सिम्प्सन त्यापूर्वीच, 2003 साली, वारले होते.