तारखांची चाळणी

समजा, आपल्यासमोर मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा रोजचा तक्ता आहे. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात त्या दिवशी बाजार बंद होतानाचा आकडा, अशा हजारो ओळी. त्यांतून आपल्याला १२ मार्च १९९३ च्या आधीच्या आणि नंतरच्या एकेका महिन्याच्याच ओळी हव्या आहेत. त्या शुक्रवारी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि त्यांतला एक स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीतच झाला. एवढ्या मोठ्या आघातानंतर बाजार कसा वागतो हे पाहणाऱ्या अभ्यासकाला नेमक्या याच ओळी लागतात. माणूस कागदावर बोट फिरवून त्या पाच मिनिटांत शोधून काढील. संगणकाकडून मात्र हे काम बिनचूक करून घेण्यामागे काही शतकांचा इतिहास आहे.

ठरावीक काळाने नोंदलेल्या अशा आकड्यांच्या मालिकेला संख्याशास्त्रात कालश्रेणी म्हणतात. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची वही हीसुद्धा कालश्रेणीच. तिच्यातून हव्या त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढायच्या म्हणजे तारखांची चाळणी लावायची.

पहिली अडचण अशी की, '१२/०३/१९९३' ही संगणकाच्या लेखी तारीख नसतेच. ती नुसती चिन्हांची ओळ असते. क्रम लावायला सांगितले तर तो शब्दकोशातल्याप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह पाहत जातो. मग '०१/१२/१९९२' ही तारीख '१२/०३/१९९१' च्या आधी येते, कारण शून्य एकाच्या आधी! यावर उपाय म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहिणे. १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने हीच पद्धत ठरवून दिली. १९९३-०३-१२ असे लिहिले की चिन्हांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यामुळे आपला १२ मार्च तिथल्या सवयीने घडलेल्या आज्ञावलीला ३ डिसेंबर वाटतो. वार ताडून चूक पकडावी म्हटले, तर ३ डिसेंबर १९९३ हाही शुक्रवारच होता. १३ तारखेपासून पुढे घोळ होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. पण काही आज्ञावल्या प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचत. मग दर महिन्याच्या पहिल्या १२ तारखा उलट्या वाचल्या जात आणि उरलेल्या सुलट. तक्ता वरवर ठीकच दिसे.

एवढे सारे निस्तरले तरी क्रम कळतो, अंतर कळत नाही. २५ फेब्रुवारीपासून १२ मार्चपर्यंत किती दिवस? वर्ष लीप असेल तर उत्तर बदलते. तारखांचे अंतर काढायचे असेल तर तारखेची संख्या करावी लागते, आणि त्यासाठी कुठला तरी एक आरंभदिन ठरवून तिथपासून दिवस मोजावे लागतात. ही युक्ती संगणकापेक्षा फारच जुनी आहे. आपल्याकडचे ज्योतिषी तिला अहर्गण म्हणत. कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीपासून, इष्ट दिवसापर्यंत किती दिवस गेले ती संख्या म्हणजे अहर्गण. ग्रहांची सारी गणिते तिच्यावरून होत.

पण ही संख्या फार मोठी होते. सोळाव्या शतकात ती सोळा लाखांच्या वर गेली होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमाराच्या आपल्या 'ग्रहलाघव' ग्रंथात तिला छान बगल दिली. त्याने शके १४४२ हा नवा आरंभ धरला आणि काळाचे अकरा-अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे तुकडे पाडले. मग गणिताला तुकड्यांची संख्या आणि उरलेले दिवस एवढे छोटे आकडे पुरले. आरंभदिन जवळ आणा, आकडे लहान ठेवा. ही काटकसर पुढे संगणकवाल्यांनीही केली, पण तिची किंमतही मोजली.

युरोपात जोसेफ स्कालिजर या विद्वानाने १५८३ साली असेच एक लांबलचक कालमापन सुचवले. त्याचा आरंभ इ. स. पूर्व ४७१३. एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेल यांनी त्यावर आधारलेली दिवसगणना खगोलशास्त्रज्ञांपुढे ठेवली. ती आजही वापरात आहे. तिचा दिवस मध्यरात्री न बदलता दुपारी बदलतो, म्हणजे एका रात्रीची सगळी निरीक्षणे एकाच क्रमांकाखाली येतात. ज्याचे जसे काम, तसा त्याचा दिवस.

बाजारभावांच्या बाबतीत ही गणना किती निकडीची आहे, हे लंडन आणि ॲम्स्टरडॅम या दोन शहरांवरून कळते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या बड्या कंपन्यांचे भाग दोन्हीकडे विकले जात. लंडनचे भाव जॉन कास्टेंग नावाच्या दलालाच्या भावपत्रकात १६९७ पासून छापून येत. ॲम्स्टरडॅमचे काही भावही तिथल्या वृत्तपत्रांतून मिळतात. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तारखेला तारीख जुळवली की झाले, असे वाटेल. पण ॲम्स्टरडॅमला ग्रेगरीचे नवे पंचांग होते आणि लंडनला ज्यूलियन. १७०० नंतर दोहोंत ११ दिवसांचा फरक होता. लंडनला १ तारीख असे, तेव्हा ॲम्स्टरडॅमला १२.

याचा परिणाम पाहा. लंडनला १ तारखेला भाव कोसळला. बातमी टपालाच्या जहाजाने निघाली आणि वारा चांगला असल्याने तीन दिवसांत ॲम्स्टरडॅमला पोचली. तिथे तेव्हा १५ तारीख होती. तक्त्यावरून दिसेल की, ॲम्स्टरडॅमचे व्यापारी पंधरवडाभर झोपले होते. आता उलट धरा. भाव आधी ॲम्स्टरडॅमला १५ तारखेला पडला आणि बातमी तीन दिवसांनी लंडनला पोचली, तेव्हा लंडनला ७ तारीख होती. तक्त्यावरून दिसेल की, ॲम्स्टरडॅममध्ये घडायच्या आठ दिवस आधीच लंडनने त्या घटनेचा धसका घेतला! कारण नंतर आणि कार्य आधी. फळ्यावर दोन रकाने आखून मुलांकडून हे करून घेतले, तर कार्यकारणाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

हा प्रश्न नुसता कागदी नाही. १७२० साली साउथ सी कंपनीच्या भागाचा भाव जानेवारीतल्या सुमारे १२८ पौंडांवरून उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा २०० च्या आसपास वा त्याहून खाली आला. अशा पडझडीत ११ दिवसांचा फरक म्हणजे शेकडो पौंडांचा फरक. त्यात आणखी भर म्हणजे इंग्लंडचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १७२० म्हणतो, त्या महिन्याच्या इंग्रजी कागदांवर १७१९ किंवा १७१९/२० असे साल आढळते. '१७२०' ची चाळणी डोळे मिटून लावली, तर तेजीची सुरुवातच गळून जाते. अर्थशास्त्राचे इतिहासकार लॅरी नील यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात या दोन शहरांचे भाव ताडून पाहिले आणि दोन्ही बाजार एकमेकांशी घट्ट बांधलेले होते असे दाखवून दिले. पंचांगांचा हिशेब आधी चुकता केला नसता, तर हे दिसलेच नसते.

इंग्लंडने १७५२ मध्ये नवे पंचांग घेतले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. तारखांची नुसती वजाबाकी केली तर मध्ये १२ दिवस गेले, दिवस मोजले तर एक. ब्रिटनमधले वैयक्तिक कराचे वर्ष आजही ६ एप्रिलसारख्या चमत्कारिक दिवशी सुरू होते, त्यामागेही याच ११ दिवसांचा इतिहास आहे. आपल्या पंचांगांच्या बाबतीत हेच काम १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर केले. हिंदू आणि मुसलमानी तारखा इसवी सनात बदलण्याची त्यांची कोष्टके इतिहासकारांना फार उपयोगी पडली. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आता संगणकाकडे. १९८३ साली लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा कार्यक्रम बाजारात आला आणि कचेऱ्या-पेढ्यांत हातोहात खपला. त्याने १ जानेवारी १९०० ला १ क्रमांक दिला. त्या मोजणीत आपला १२ मार्च १९९३ म्हणजे ३४०४०. पण तिच्यात ६० वा दिवस आहे २९ फेब्रुवारी १९००, आणि असा दिवस कधी उगवलाच नाही! शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, हा पाचवी-सहावीतला नियम तिथे पाळलेला नाही. चारने भाग जातो का एवढेच पाहिले की आज्ञावली आटोपशीर होते, म्हणून ही सूट घेतली असे सांगतात. एक्सेलने पुढे ही चूक जाणूनबुजून उचलली, कारण लोटसवर बनवलेले लोकांचे तक्ते त्यात जसेच्या तसे उघडायला हवे होते. शाळेतल्या संगणकावर एक्सेल असेल तर १ जानेवारी १९०० चा वार विचारून पाहा. उत्तर रविवार येईल. खरा वार सोमवार होता.

मॅकिंटॉश संगणकांनी १९०४ पासून मोजणी धरली आणि १९०० ची कटकटच टाळली. पण त्यामुळे दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक पडला. मॅकिंटॉशवरचे आकडे दुसरीकडे नुसते उचलून ठेवले, तर १२ मार्च १९९३ चा भाव ११ मार्च १९८९ वर जाऊन बसतो. ही चूक मात्र वारावरून पकडता येते. सगळे शुक्रवार शनिवारवर सरकतात आणि सोमवार रिकामे राहतात.

युनिक्स प्रणालीचा आरंभदिन १ जानेवारी १९७०. तिच्यात दिवसांऐवजी सेकंद मोजतात. पुढे २००८ साली एक्यूआर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेत काम करताना वेस मॅकिनी यांनी पायथन भाषेसाठी पांडाज हे साधन लिहायला घेतले. वित्तीय कालश्रेणी हाताळणे हाच त्यामागचा हेतू होता. त्यात तारीख हा इतर रकान्यांसारखा एक रकाना न राहता साऱ्या तक्त्याचा कणा होऊ शकते. '१९९३-०३' एवढेच सांगितले की पूर्ण मार्च समोर येतो. दोन तक्ते एकत्र केले तर तारखा आपोआप जुळतात. ५ पासून १० तारखेपर्यंत मागितले तर दोन्ही टोके मिळतात, म्हणजे सहा दिवस. पायथनमध्ये एरवी शेवटचे टोक वगळायची रीत आहे.

पांडाजने काळ मोजला तो नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. ६४ द्विमान अंकांत १९७० च्या दोन्ही बाजूंना अशी सुमारे २९२ वर्षेच मावतात. त्यामुळे तारखा सप्टेंबर १६७७ ते एप्रिल २२६२ एवढ्यापुरत्याच राहिल्या. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्यात बसत नव्हती आणि हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या कंदांचा बाजार कोसळला तो १६३७ चा फेब्रुवारीही नाही. २०२३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सेकंदासारखी मोठी एककेही निवडता येऊ लागली, तेव्हा ही अडचण सरली.

तारखा अशा बिनचूक झाल्या तरी सगळे संपत नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, ३१ जुलै १९१४ रोजी, न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला. भागांचे व्यवहार पुन्हा सुरू झाले ते १२ डिसेंबरला. डाऊ जोन्स निर्देशांकाच्या तक्त्यात ३० जुलैच्या ७१.४२ नंतरची ओळ थेट १२ डिसेंबरची, आणि काही तक्त्यांत तिथे आकडा आहे ५४. म्हणजे एका 'दिवसात' २४ टक्क्यांची घसरण, १९८७ च्या कुप्रसिद्ध सोमवारपेक्षाही मोठी! प्रत्यक्षात त्या दिवशी निर्देशांक चढला होता, ७४.५६ पर्यंत. १९१६ साली निर्देशांकातल्या कंपन्या १२ च्या २० केल्या आणि नव्या यादीचे आकडे मागे जाऊन १२ डिसेंबर १९१४ पासून काढले. त्या दोन ओळींच्या मधल्या सांध्यात दोन वेगळे निर्देशांक जोडलेले आहेत. तारखेची चाळणी त्या दोन ओळी निमूटपणे शेजारी ठेवते.

मुंबईच्या आकड्यांना आणखी एक खोच आहे. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलची मध्यरात्र जागतिक वेळेत नोंदली की ती ३१ मार्चची सायंकाळचे साडेसहा होते. वेळ गाळून नुसती तारीख उरली, तर त्या दिवसाचा भाव मागच्या आर्थिक वर्षात जातो.

आणि रविवारी बाजार बंद असतो म्हणून रविवारच्या ओळी काढून टाका, असे सांगतानाही जरा थांबावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईत मुहूर्ताचे सौदे होतात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, रविवारी होते. त्या संध्याकाळी बाजार तासभर उघडला, आणि संवत २०८० चे पहिले भाव त्याच ओळीत आहेत.