नौकाविहाराचे नियोजन आणि अंतर्गत नद्यांचा इतिहास : हरसूल परिसर व दमणगंगा खोऱ्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गाव सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी आदी आदिवासी समाजांची वस्ती असलेल्या या परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. त्र्यंबकजवळील ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे सुमारे १,४६५ कि. मी. प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. याउलट जलविभाजकाच्या पश्चिमेकडील ओढे व नद्या दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतात. सुमारे १३१ कि. मी. लांबीची दमणगंगा दमण येथे अरबी समुद्राला मिळते.

अलीकडच्या काळात या खोऱ्याच्या खालच्या भागात, दादरा व नगर हवेलीतील दुधनी येथे, नौकाविहार हे पर्यटनाचे प्रमुख आकर्षण ठरले आहे. हरसूल परिसरातून अशा सहलीचा बेत आखणे आज शक्य आहे. मात्र नौकाविहाराचे नियोजन म्हणजे केवळ वाहन, भोजन व भाडे यांची जुळवाजुळव, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ज्या पाण्यावर नौका चालते ते पाणी तेथे कसे आले, कोणासाठी अडविले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न नियोजनात क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील अंतर्गत नद्यांवरील नौकावहनाच्या मर्यादांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) नौकाविहार आणि बंधारे-धरणे यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) दमणगंगा खोऱ्याच्या संदर्भात नौकासहलीच्या नियोजनाचे निकष सुचविणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. उतार, तर आणि मक्ता

गंगेच्या मैदानात किंवा बंगालमध्ये नदी हाच राजमार्ग होता. दख्खनच्या पठारावर मात्र तशी स्थिती नव्हती. येथील नद्या पावसावर अवलंबून असल्याने जून ते सप्टेंबर या काळात त्या दुथडी भरून वाहतात आणि हिवाळा सरताच त्यांच्या पात्रात खडक उघडे पडतात. पुराच्या वेळी नाव लोटणे धोक्याचे आणि उन्हाळ्यात नाव चालण्याइतके पाणी नाही, अशा पेचामुळे नदीच्या लांबीने प्रवास करण्याची प्रथा येथे रुजली नाही. जो प्रवास होता तो नदीच्या रुंदीचा, म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याचा होता. पाणी कमी असेल तेव्हा 'उतार' पाहून पायी किंवा बैलगाडीने नदी ओलांडावी आणि पाणी चढले की 'तर' गाठावी, हा रिवाज होता. डोण, होडी, भोपळ्यांची सांगड, प्रसंगी गूळ करण्याची काहील ही तरून जाण्याची साधने होती. भोई व कोळी समाजातील नावाड्यांच्या अनुभवावर ही व्यवस्था उभी होती.

ब्रिटिश राजवटीत या व्यवस्थेला कायद्याची चौकट मिळाली. मुंबई इलाख्यात १८६८ मध्ये तरींविषयीचा कायदा झाला आणि सार्वजनिक तरी, त्यांचे दर व मक्ते यांवर सरकारी नियंत्रण आले. नावाड्याचे परंपरागत ज्ञान आणि त्या ज्ञानावरील उत्पन्नाचा हक्क या दोन गोष्टी तेव्हापासून वेगळ्या होऊ लागल्या. आजच्या नौकाविहार केंद्रांच्या ठेकेपद्धतीचा विचार करताना हा धागा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. गोदावरी जलमार्गाचा फसलेला प्रयोग

नदीच्या लांबीने प्रवास करण्याचा एक मोठा प्रयत्न १९ व्या शतकात गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात झाला. सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे बंधारा उभारण्यात आला. त्याच्या यशामुळे गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्यांतून वऱ्हाड-चांद्याचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत नेण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) हिंदी कापसाला मागणी वाढल्याने या योजनेला विशेष महत्त्व प्राप्त झाले. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा हे तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते.

या मार्गात दुम्मगुडेम, इचमपल्ली आणि देवलमरी येथे खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते ओलांडण्यासाठी बंधारे, कालवे व जलपाश यांची आखणी झाली आणि दुम्मगुडेम येथे प्रत्यक्ष बांधकामही झाले. परंतु खर्च वाढत गेला. पाणी वर्षातील काही महिनेच पुरेसे असे. दरम्यान १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि कापसाला मुंबईचे बंदर जवळचे झाले. अखेरीस १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. शासनाचे बळ, कुशल अभियंते आणि व्यापारी गरज या तिन्ही गोष्टी अनुकूल असतानाही नदीचा ऋतुक्रम बदलता आला नाही, हे या प्रयोगाचे सार आहे.

३. दमणगंगा : खाली जहाजे, वर ओढे

हाच भेद दमणगंगेच्या इतिहासात अधिक ठळकपणे दिसतो. मराठे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या तहानुसार नगर हवेलीचा प्रदेश १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तेथील सागवान दमणच्या जहाजबांधणीस उपयुक्त ठरले. 'डॉम फर्नांडो दुसरा व ग्लोरिया' ही पोर्तुगीज आरमाराची शिडाची युद्धनौका याच सागवानातून दमण येथे बांधण्यात आली आणि १८४३ मध्ये तिचे जलावतरण झाले. ही नौका आज पोर्तुगालमध्ये संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

ज्या खोऱ्यातील लाकडाने समुद्र ओलांडला, त्याच खोऱ्याच्या माथ्यावरील हरसूल-पेठ भागातील दळणवळण मात्र घाटवाटा व बैलगाड्यांवरच अवलंबून राहिले. पेठ संस्थान १८७८ मध्ये खालसा होऊन ब्रिटिश अमलाखाली आले, तरी नदी ही रस्त्याची जागा घेऊ शकली नाही. तीव्र उतार, धबधबे आणि पावसाळ्यानंतर आटणारे प्रवाह ही त्यामागील भौगोलिक कारणे होत. या भागात नदीवर नौकाविहाराची परंपरा नव्हती, याचे स्पष्टीकरण येथील लोकांच्या आवडीनिवडीत नसून नदीच्या स्वभावात आहे.

४. अडविलेले पाणी आणि विहाराचा उदय

महाराष्ट्रात करमणुकीसाठी नौका चालू लागली ती पाणी अडविल्यानंतर. पुणे येथील मुळा-मुठा नदीवरील बंधारा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने १८५० मध्ये पूर्ण झाला. शहराला पाणी मिळावे हा त्याचा हेतू होता. परंतु बंधाऱ्यामागे पाण्याचा संथ विस्तार तयार झाला आणि वल्हवण्याच्या छंदाला जागा मिळाली. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची १९२८ मध्ये स्थापना झाली आणि तेथील 'रेगाटा' हा पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनला.

२० व्या शतकात हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर घडली. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले ते शेतीसाठी. कोयना धरण वीजनिर्मितीसाठी बांधले गेले. नाशिकजवळील गंगापूर धरण सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये पूर्ण झाले. या तिन्ही जलाशयांवर पुढे नौकाविहार सुरू झाला, मात्र यांपैकी एकही जलाशय त्यासाठी निर्माण झालेला नाही.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे उदाहरण विशेष बोलके आहे. धरणामुळे अनेक गावे पाण्याखाली गेली. विस्थापितांपैकी अनेकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत वसावे लागले. काठावर मागे राहिलेल्या वाड्या-वस्त्यांचे जुने रस्ते बुडाले. त्यांच्यासाठी नौका ही चैन नसून बाजार, दवाखाना व शाळा गाठण्याचे साधन झाली. बामणोली व तापोळा येथे पर्यटकांसाठी चालणाऱ्या नौकांच्या मागे हा इतिहास आहे. स्थानिकांनी गरजेपोटी आत्मसात केलेले कौशल्य पर्यटनाच्या काळात त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले.

दमणगंगेवरील मधुबन धरणाने हीच स्थिती हरसूलच्या शेजारी निर्माण केली. गुजरात आणि दादरा व नगर हवेली, दमण यांच्या या संयुक्त प्रकल्पाचे पाणी सिंचनाबरोबरच वापी-सिल्वासा परिसरातील उद्योगांना पुरविले जाते. दुधनी येथील नौकाविहार या जलाशयाच्या फुगवट्यावर चालतो.

५. नियोजनाचे निकष

उपरोक्त इतिहासावरून नौकासहलीच्या नियोजनाचे काही निकष निश्चित करता येतात.

पहिला निकष पाण्याच्या पातळीचा आहे. जलाशयातील पाणी शेती, उद्योग व पिण्याच्या गरजेनुसार सोडले जाते. ते पर्यटकांच्या सोयीने थांबत नाही. पावसाळा संपल्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, धक्का आणि पाणी यांमध्ये चिखल पसरतो व बुडालेले खडक, झाडांची खोडे वर येतात. पावसाळ्यात धोका वेगळा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळील दुगारवाडी येथे अचानक आलेल्या पुरामुळे २० हून अधिक पर्यटक अडकून पडले होते. वरच्या खोऱ्यातील पाऊस खालच्या पर्यटकाला दिसत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरा निकष नौकेच्या क्षमतेचा व सुरक्षेचा आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशात गोदावरीला पूर असताना पापिकोंडलू सहलीस निघालेली नौका कच्चुलुरू येथे उलटली आणि मोठी प्राणहानी झाली. नाशिककर जिला गंगा म्हणतात तीच ही नदी होय. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यातील हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. तेथे क्षमतेपेक्षा अधिक जण नौकेत बसविण्यात आले होते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटली व ६ जणांचा मृत्यू झाला. पूर, अतिभार आणि वारा ही या तीन घटनांमागील प्रमुख कारणे नावाड्यांच्या परंपरेला अपरिचित नव्हती. महाविद्यालयीन सहल नेणाऱ्या प्राध्यापकाने प्रत्येकास जीवरक्षक जाकीट मिळाल्याशिवाय नौका सोडू न देणे, वारा उठल्यास फेरी रद्द करणे आणि दिवेलागणीपूर्वी काठावर परतणे ही पथ्ये काटेकोरपणे पाळली पाहिजेत.

तिसरा निकष कायद्याचा आहे. १९१७ च्या अंतर्देशीय वाफनौका कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली असून त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी यांबरोबरच बिनयांत्रिक नौकांच्या नावनोंदणीचाही विचार केलेला आहे. हरसूलहून दुधनीकडे जाणारा प्रवासी एका राज्यातून केंद्रशासित प्रदेशात प्रवेश करतो. त्यामुळे कोणत्या प्रशासनाची परवानगी लागू आहे आणि संकटसमयी कोणाशी संपर्क साधावयाचा, याची नोंद निघण्यापूर्वीच करावी लागते.

चौथा निकष स्थानिकांच्या हक्काचा होय. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविणे अपेक्षित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलसाठ्यांतील मासे व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. नौकाविहाराचा मार्ग मासेमारीच्या जाळ्यांतून जात असेल, तर तो बदलणे हे नियोजनकर्त्याचे कर्तव्य ठरते. स्थानिक नावाड्याची नौका घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. त्या पाण्याखालची जमीन, खडक व वाऱ्याची दिशा त्यालाच ठाऊक असते.

६. भविष्यातील प्रश्न

दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रस्तावात दमणगंगेवर भुगड व वाघ नदीवर खरगीहिल येथे धरणे सुचविण्यात आली आहेत. मुंबईला पाणी पुरविणे हा त्याचा प्रमुख हेतू असून त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल २०१४ मध्ये पूर्ण झाला. या योजनेला खोऱ्यातील आदिवासींनी विरोधही केला आहे. अशी धरणे झाल्यास नवे जलाशय निर्माण होतील आणि आजवरच्या अनुभवाप्रमाणे तेथेही कालांतराने नौका येतील. परंतु त्या नौका कोणाच्या असतील, त्यांचे उत्पन्न कोणाच्या घरात जाईल आणि जमीन गमावलेली व्यक्ती त्या नौकेची मालक असेल की तिकीट फाडणारी नोकर, याचा निर्णय पर्यटन सुरू झाल्यावर नव्हे, तर धरणाच्या चर्चेतच व्हावयास हवा. १९ व्या शतकात तरीचा मक्ता आणि नावाड्याचे ज्ञान यांची जी फारकत झाली, तिची पुनरावृत्ती २१ व्या शतकात टाळता येण्यासारखी आहे.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील पठारी नद्यांवर नौकेचा उपयोग प्रामुख्याने नदी ओलांडण्यासाठी झाला. नदीच्या लांबीने प्रवास करण्याचा गोदावरीवरील प्रयोग १८७१ मध्ये सोडून द्यावा लागला.
२) करमणुकीचा नौकाविहार हा प्रामुख्याने अन्य प्रयोजनांसाठी अडविलेल्या पाण्यावर वाढला. त्यामुळे सहलीच्या नियोजनाची सुरुवात जलाशयाच्या मूळ प्रयोजनापासून व पातळीपासून झाली पाहिजे.
३) पूर, अतिभार व वारा यांविषयीची पारंपरिक पथ्ये आजच्या सुरक्षा नियमांइतकीच महत्त्वाची आहेत.
४) अनुसूचित क्षेत्रातील नौकाविहारात ग्रामसभा, मच्छीमार व विस्थापित कुटुंबे यांना प्राधान्याचा वाटा मिळणे न्याय्य आहे.

समारोप :

हरसूल परिसरातील विद्यार्थ्यांना दुधनीच्या जलाशयावर नेणारी सहल ही इतिहास, भूगोल व समाजशास्त्र या तिन्ही विषयांचा एकत्रित पाठ ठरू शकते. त्यासाठी नौकेत बसण्यापूर्वी त्या पाण्याचा पूर्ववृत्तान्त विद्यार्थ्यांसमोर ठेवला पाहिजे. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी पुढे कोठे अडते व कोणाच्या उपयोगी पडते, हे ज्या विद्यार्थ्याला कळेल, तो उद्या आपल्या ग्रामसभेत पाण्याविषयी अधिक अधिकाराने बोलू शकेल.