दिनविशेष : ३ नोव्हेंबर

१९०६ : जर्मनीतील ट्युबिंगेनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत डॉ. आलोइस आल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर यांची केस मांडली. ५१व्या वर्षी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या या बाईंना स्वतःचे नावही धड लिहिता येत नसे. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत पेशींमधल्या धाग्यांचा गुंता आणि पेशींबाहेर साचलेले थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. एवढा मोठा शोध, पण सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१०मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी स्मृतिभ्रंशाच्या या आजाराला आल्झायमर यांचे नाव दिले. २०२३च्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, खेड्यांत प्रमाण शहरांहून जास्त. मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात आजी घरची वाट चुकली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नये. बी-१२ किंवा थायरॉइडच्या कमतरतेमुळे आलेला विसर उपचाराने सुधारू शकतो.