घोटाळे आणि सामान्यांचा संताप

राजकीय घोटाळा उघडकीस आला, की सामान्य माणसाची पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. मात्र या संतापाची तीव्रता रकमेच्या आकारावर ठरत नाही. त्या व्यवहारात आपले काय हिरावले गेले, हे लोकांना दिसते की नाही, यावर ती अवलंबून असते.

१९८१ मध्ये गाजलेले सिमेंट प्रकरण हे याचे ठळक उदाहरण. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि घर बांधू पाहणाऱ्याला काही गोण्यांसाठी कचेरीत खेटे घालावे लागत. बिल्डरांना सिमेंटचा कोटा देऊन त्या बदल्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासाठी देणग्या घेतल्याचा आरोप झाला, तेव्हा अनेकांना तो आपल्याच गोणीचा हिशेब वाटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी राजीनामा दिला.

२०१० मधील 'आदर्श' प्रकरणात दुखावली गेली ती श्रद्धा. कुलाब्यातील ३१ मजली इमारतीत कारगिलच्या वीरपत्नींची घरे बड्यांनी लाटली, अशी भावना पसरली. भूखंड त्यांच्यासाठी राखीव नव्हता, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने २०१२ मध्ये नोंदवला. परंतु तोवर जनमत तयार झाले होते.

टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणी महालेखापरीक्षकांनी २०१० मध्ये वर्तवलेला १ लाख ७६ हजार कोटी रुपयांचा संभाव्य तोटा मात्र कल्पनेपलीकडचा होता. त्यातील शून्यांवर विनोदच अधिक झाले. पुढच्याच वर्षी अण्णा हजारे यांच्या उपोषणाला जनतेने मोठा प्रतिसाद दिला. त्यातील प्रत्येकाला स्पेक्ट्रम कळला होता असे नव्हे; सरकारी कचेरीतील चिरीमिरी मात्र सर्वांच्या परिचयाची होती.

संताप काही महिन्यांत ओसरतो, प्रक्रिया मात्र वर्षानुवर्षे चालते. लोकपाल कायदा संसदेने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केला. पहिल्या लोकपालांची नियुक्ती झाली मार्च २०१९ मध्ये. टू-जी खटल्यातील सर्व आरोपींना विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष ठरवले, तेव्हा २०११ ची गर्दी घरी परतून बराच काळ लोटला होता.

या दरम्यान संतापाची जागा 'सगळे सारखेच' ही हतबलता घेते. वरवर ती शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात तिचा लाभ दोषी व्यक्तीला मिळतो आणि निर्दोष व्यक्तीवरील डाग मात्र तसाच राहतो.