टर्बो गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

आजच्या भागात इतिहास आहे, पण आमच्या यावलच्या किल्ल्याचा नाही. आजचा इतिहास गाडीच्या बॉनेटखालचा आहे.

गॅरेजवर मिस्त्री म्हणतो, "भाऊ, टर्बो गेला," आणि गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. खर्च हजारांत जातो. केळीचा भाव पडलेला असला, तर ही रक्कम घराला जाणवते. त्याहून वाईट म्हणजे नवा टर्बो बसवल्यावर काही महिन्यांत तोही जातो. असं का होतं, हे समजायला थोडं मागे जाऊ.

इंजिनातून तापलेला धूर जोरात बाहेर पडतो. ती ताकद वाया का घालवायची, असा प्रश्न आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला पडला. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. कल्पना सोपी: धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं आणि ताकद वाढते. पण कल्पना कामाला यायला वीस वर्षं गेली. १९२५-२६ च्या सुमारास दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली, तेव्हा जगाला हे पटलं.

मधल्या काळात विमानवाले याच्या मागे लागले होते, कारण उंचावर हवा विरळ. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं इंजिन पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंच डोंगरावर नेलं आणि टर्बो लावून तपासलं. तिथेही त्या इंजिनाने समुद्रसपाटीवरच्याइतकी ताकद दिली.

मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये. ओल्डस्मोबाइल जेटफायर ही त्यातली एक. तिच्या इंजिनाला जपण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक ते भरायलाच विसरत. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो. यंत्र हुशार होतं, पण त्याला लागणारी निगा माणसाच्या रोजच्या सवयीत बसली नाही.

आपल्याकडे टर्बो घराघरांत आला तो डिझेल गाड्यांमुळे. २००२ ची नाशिकची स्कॉर्पिओ, २००७ ची डिझेल स्विफ्ट. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर फैजपूर, सावद्याकडे धावणाऱ्या किती गाड्यांत आज टर्बो आहे, हे मोजायचीच गरज नाही.

आता मुद्द्यावर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो. तेल मळलं, कमी पडलं किंवा उशिरा पोचलं, की धातूला धातू घासतो. कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढलात आणि चहासाठी लगेच चावी फिरवली, तर तेलाचा पुरवठा थांबतो, पण टर्बो तापलेलाच राहतो. आतलं तेल करपतं, त्याचा कोळसा नळीत बसतो. म्हणून अशा वेळी मिनिटभर इंजिन हळू चालू ठेवावं. आपल्याकडची धूळ हा दुसरा शत्रू: एअर फिल्टर फाटला, की बारीक कण चक्राची पाती झिजवतात.

म्हणजे टर्बो बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. ते कारण शोधल्याशिवाय नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार. मिस्त्रीला चार गोष्टी विचारा. तेल आणणारी नळी साफ केली की बदलली? तेल परत नेणारी नळी आणि इंजिनाचा ब्रीदर मोकळा आहे का? इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल आणि तुटलेले तुकडे काढले का? नवं तेल आणि फिल्टर टाकून, सुरू करण्याआधी टर्बोत तेल भरलं का?

आणि त्याआधी, टर्बोच गेलाय का? गाडी ओढत नाही, काळा धूर येतो, शिट्टीसारखा आवाज येतो, तर कदाचित फक्त हवेचा पाइप फाटलाय किंवा क्लॅम्प सैल झालाय. निळा धूर आणि कमी होणारं तेल मात्र गंभीर.

कारण सील फुटून ते तेल इंजिनात शिरलं, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. हाताचे गिअर असतील तर गाडी थांबवून वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमत नसेल तर माणसं गाडीतून उतरवा आणि लांब व्हा. बॉनेट उघडून डोकावू नका.

ब्यूखीच्या कल्पनेला सव्वाशे वर्षं होत आली. तेल, उष्णता आणि धूळ हे तिचे प्रश्न आजही तेच आहेत, आणि त्यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. भेटू पुढच्या भागात.